हिवरदरीला दुसरे साहेब

हिवरदरी
१२ जुलै २०२४

जयभीम.

वर काय लिहावं ते ठरेना, म्हणून नुसतं जयभीम लिहिलं. इतकी वर्षं मी तुम्हाला 'संघदीपचे बाबा' म्हणत आले. तुमचं नाव कधी तोंडात आलं नाही. फारकतीचा अर्ज टाइप करताना ते पहिल्यांदा माझ्या बोटांखालून गेलं. आता काय म्हणायचं ते पुढच्या पत्रापर्यंत ठरवीन.

काल तुम्ही भिलाईहून रात्रभर बसून आलात आणि काहीच झालं नाही. फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर आपण दोघंही गप्प राहतो आणि मग एक जण "बरं, ठेवते" किंवा "बरं, ठेवतो" म्हणतं. म्हणून लिहिते.

तुम्ही विचारलंत, पाच मिनिटांच्या कामाला किती चकरा. तर ते असं आहे. आपला अर्ज दोघांच्या संमतीचा. सहा महिने थांबायचं होतं, ते केव्हाच झाले. आता दोघांनी न्यायाधीश साहेबांपुढे उभं राहून हो म्हणायचं, एवढंच उरलं. पण फारकतीचे अर्ज वरिष्ठ साहेबांपुढे चालतात आणि हिवरदरीला कायमचे साहेब एकच, ते कनिष्ठ. वरिष्ठ साहेब यवतमाळहून महिन्यातून दोन दिवस येतात. आता म्हणे या भागाला एक कायमची वरिष्ठ जागा मिळणार आहे. एकच. आमदार म्हणतात ती पाथरवाड्याला द्या. आपलं गाव म्हणतं, जागा दोन करा, एक त्यांना आणि एक आम्हाला. ते ऐकलं जाईपर्यंत वकीलसंघाचा बहिष्कार. म्हणजे साहेब पाहिजेत म्हणून आलेल्या साहेबांपुढे कोणी उभं राहत नाही.

तानाबाई टपरीवर तुम्हाला चहा देताना म्हणाली ते तुम्ही ऐकलं नसेल. "जावईबापू, हे वकील लोकं पाव्हना पाह्यजे म्हून बोंबलते अन् आला का दार लावून घेते. तुम्ही कायले ताटकळता? भजे खा." ती माझ्या माहेरची, म्हणून तुम्ही अजून तिचे जावई. अर्ज केलाय हे तिला माहीत आहे. तरी.

काल सकाळी दुकानात मी संघर्ष समितीचं निवेदन टाइप केलं. दुपारी पाथरवाड्याचे एक वकील आले. त्यांच्याकडची लाइन गेली होती. त्यांचंही निवेदन मीच टाइप केलं. दोन्हींत 'जनभावना तीव्र आहेत' हे वाक्य होतं.

तुमचा डबा दुकानात राहिला. पोळ्या मी खाल्ल्या. मेथीची भाजी चांगली होती, तिखट कमी. कोणी केली ते विचारत नाही.

— उर्वशी


हिवरदरी
२३ सप्टेंबर २०२४

जयभीम.

नाव ठरलं नाही.

परवाची तारीखही तशीच गेली. तुम्ही आलात, बसलात, गेलात. तुमचे केस खूप पिकलेत.

नलूबाई येऊन गेल्या. तुमच्या बहिणीच्या पोटात काही राहत नाही, तुम्हाला माहीत आहे. त्यांनी प्रियंकाबाईंचं सांगितलं. साइटवरची मेस त्या चालवतात, नवरा वारलेला आहे, मुलगी चौथीत आहे. त्यांच्या भावांनी तुम्हाला दिवाळीपर्यंत मुदत दिली आहे. तोवर फारकतीचा कागद दाखवला नाही तर ते मायलेकींना रायपूरला घेऊन जातील. नलूबाई सांगताना माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. मी त्यांना चहा केला. साखर घातली का नाही ते आठवेना म्हणून परत घातली. त्या तसाच प्यायल्या.

इथलं सांगते. वकीलसंघाच्या खोलीत मोठी सभा झाली. मला लॅपटॉप घेऊन बोलावलं होतं, ठराव टाइप करायला. समितीचे अध्यक्ष बबनराव, आपले कापडवाले. वरून माणसं येणार आहेत, कोणत्या गावात किती प्रकरणं प्रलंबित आहेत ते पाहायला. जिथं जास्त तिथं जागा. पाथरवाडा थोडा पुढे आहे. तेव्हा बबनराव उभे राहिले आणि म्हणाले, "भाऊहो, आता दोन-तीन महिने कोनी समजूत करू नका. झाली असन तर घरात ठेवा. कोर्टात भांडून राह्यलो असंच दिसलं पाह्यजे. आपल्या गावाले साहेब पाह्यजे का नाई?"

मागून कोणीतरी ओरडलं, "बबनराव, कमी पडले तर मी बायकोवर एक टाकू काय?"

"टाक ना. पन ते तुह्यावर दोन टाकन."

सगळे हसले. मीही हसले असेन. ठराव एकमतानं मंजूर झाला.

तुमच्या ओळखीचे ते रोहड्याचे, शेताच्या धुऱ्याच्या वादातले दोघं चुलतभाऊ, त्यांचं मागच्याच महिन्यात जुळलं. आता ते तारखेला एकाच गाडीवर येतात. फाटकाच्या अलीकडे एक जण उतरतो आणि मागून चालत येतो. आत दोन वेगळ्या बाकांवर बसतात. जाताना चिंचेच्या झाडाखाली मागचा परत गाडीवर बसतो. तानाबाई त्यांना विचारते, "आज कोन उतरलं रे?"

आपली तारीख बहिष्कारामुळेच गेली.

— उर्वशी


हिवरदरी
१२ नोव्हेंबर २०२४

जयभीम.

दिवाळी झाली. तुमचा मेसेज पाहिला, 'काय झालं?' एवढाच. उत्तर लिहायला आठ दिवस लागले.

आचारसंहिता लागली आहे, म्हणून जागेचा निर्णय थांबला. मोजायला येणारी माणसंही आता मतदान झाल्यावर. प्रचारात मात्र साहेबांचा आकडा रोज वाढतो आहे. एक उमेदवार म्हणाला, हिवरदरीला दोन न्यायाधीश आणीन. दुसऱ्या दिवशी दुसरा म्हणाला, तीन. तानाबाई म्हणते, मतदान अजून लांबलं तर हायकोर्टच येते आपल्या एसटी स्टँडवर.

मागच्या पत्रात मी एक खोटं लिहिलं. सप्टेंबरच्या तारखेला बहिष्कार नव्हता. त्या आठवड्यात वकिलांनी तो मागे घेतला होता. साहेब आत बसले होते. तुम्हाला बाहेरून कळलं नाही, कारण बाहेर घोषणा चालूच होत्या.

झालं असं की आदल्या दिवशी देवीलाल राठोड दुकानात आले. आपल्या दोघांचे वकील तेच, म्हणून मला वाटलं तारखेचं सांगायला आले.

म्हणाले, "उर्वशीताई, तुमचं काम उद्या होऊ शकते. पन झालं का एक आकडा कमी होते आपला. मोजनी होऊ द्या. त्याच्या दुसऱ्या दिवशी उरकून टाकतो."

मी म्हटलं, "आमच्या एका केसनं काय होते, दादा?"

"सगळेच असं म्हनते ना ताई. म्हून तर पाथरवाडा पुढं आहे."

मी हो म्हटलं. त्यांना वाटलं नव्हतं मी इतक्या लवकर म्हणेन. ते "उपकार झाले" म्हणून गेले. मी का हो म्हटलं ते शोधायचा प्रयत्न केला. गावासाठी नाही. या गावात दोन साहेब बसले काय आणि दहा बसले काय. दर दोन महिन्यांनी तुम्ही येऊन त्या बाकावर बसता, आपण बोलत नाही, तुम्ही परत जाता. तेवढ्यासाठी म्हटलं असेल. खात्री नाही. संघदीप गेल्यापासून मला माझ्या आतलं काही नीट ऐकू येत नाही. दार लावलेल्या घरात कोणी बोलत असावं तसं येतं.

हे लिहितेच आहे तर अजून एक लिहिते. अपघाताच्या दिवशी दुकानातला कागद संपला होता म्हणून पुसदला जा असं मी त्याला म्हटलं. गाडीची किल्ली तुम्ही दिली. हे आपण दोघांनी एकमेकांना कधीच म्हटलं नाही. लोकांना वाटतं आपण भांडलो. आपण भांडलो असतो तर बरं होतं.

प्रियंकाबाईंच्या भावांचं काय झालं ते नलूबाईंना विचारलं. मुलीची परीक्षा होईपर्यंत ते थांबायला तयार झालेत म्हणे. त्यांना माझ्यामुळे त्रास झाला. तुम्हालाही. मला रागवायचं असेल तर पत्रानं रागवा, मी वाचीन.

— उर्वशी


हिवरदरी
२० डिसेंबर २०२४

जयभीम.

तुमचं पत्र आलं नाही. मी वाट पाहत होते असं नाही.

मतदान झालं, निकाल लागला. वरची माणसं येऊन प्रकरणं मोजून गेली. त्या दिवशी कोर्टात जत्रेसारखी गर्दी होती. ज्यांच्या तारखा नव्हत्या तेही आले होते, आपण भांडतो आहोत हे दाखवायला. धुऱ्यावाले चुलतभाऊ एकमेकांकडे पाठ करून उभे होते आणि एकाच पुडीतले फुटाणे खात होते.

संध्याकाळी देवीलाल दुकानात आले. खुशीत होते. झेरॉक्स काढता काढता म्हणाले, "ताई, तुमच्या दोघायचे आभार मानले पाह्यजे. सोनवण्याच्या गंगाधरनं तर मले शिव्या देल्या थांब म्हटलं तर. तुम्ही दोघं मात्र एका बोलात मानले."

मी विचारलं, "दोघं?"

"हाव. धम्मरत्नभाऊले मी तुमच्या आधी फोन केलता. म्हटलं, आधी त्यायले इचारावं, त्यायलेच घाई आहे. ते म्हनले, ठेवा. चालते."

"घाई आहे असं नाही म्हणाले?"

"नाई बा. मीच म्हटलं दिवाळीपर्यंत होनार नाई मंग, तर म्हनले, हाव, समजलं मले."

झेरॉक्सचा कागद आत अडकला होता. मी तो काढत बसले.

म्हणजे सप्टेंबरला तुम्ही भिलाईहून आलात तेव्हा काही होणार नाही हे तुम्हाला माहीत होतं. मलाही माहीत होतं. तुम्ही माझ्याशेजारी बाकावर चार तास बसलात. मी तुमच्याशेजारी बसले. मधे तुम्ही दोनदा चहा आणलात. आणि दिवाळीनंतर मेसेज केलात, काय झालं.

मी याचं काही विचारणार नाही. तुम्हीही सांगू नका.

थंडी आहे. इथं कापूस वेचून होत आला. तुमच्या साइटवर वारं जास्त असतं, कान बांधत जा. हे लिहायचा मला अधिकार आहे का ते माहीत नाही. अर्ज प्रलंबित आहे तोवर असावा.

— उर्वशी


हिवरदरी
४ मार्च २०२५

जयभीम.

जागा मिळाली. शेवटी दोन केल्या, एक पाथरवाड्याला आणि एक आपल्याला. पेपरात आमदारांचा फोटो आला, त्यांनीच दोन मागितल्या होत्या असं खाली लिहिलं होतं. काल गावातून मिरवणूक निघाली. डीजे होता, गुलाल होता. बबनरावांना ट्रॅक्टरवर उभं केलं होतं. दुकानाच्या काचेवर गुलाल बसलाय, पुसला तरी कोपऱ्यांतून निघत नाही. पाथरवाड्यातही अशीच मिरवणूक निघाली म्हणे. तेही म्हणतात आम्ही जिंकलो.

पंचायत समितीचं जुनं गोदाम रंगवून तिथं नवं कोर्ट बसवताहेत. खताचा वास अजून येतो. ७ एप्रिलपासून काम सुरू. देवीलालांनी आपलं प्रकरण त्याच दिवशी लावून घेतलं.

त्यावरून थोडं झालं. बबनराव स्वतः दुकानात आले. टोपी काढून बसले.

"पोरी, वाईट नको मानू. पन नव्या कोर्टाचा पयलाच निकाल फारकतीचा नको, असं मंडळी म्हनते. पयले ते धुऱ्यावाल्यायची समजूत घेऊ. भाऊ भावाच्या गळ्यात पडते, फोटो निघते, पेढे वाटतो. मंग तुमचं घेऊ."

मी म्हटलं, "माझं काही नाही, काका."

"तसं नाई. तू मनात ठेवशीन."

"नाही ठेवणार."

तरी ते बसून राहिले. पंखा बंद होता, मी लावला. मग म्हणाले, "तुह्या पोराच्या शर्टाचं कापड माह्याच दुकानातून जाये. चौकटीचं लागे त्याले." मी हो म्हटलं. ते टोपी घालून गेले.

७ एप्रिलला या. मुलीची परीक्षा २१ ला संपते असं नलूबाई म्हणाल्या. म्हणजे कागद वेळेत मिळेल.

देवीलालांना मी एक विचारून ठेवलंय. शेवटच्या क्षणापर्यंत दोघांपैकी कोणालाही संमती मागे घेता येते. साहेबांपुढे नाही म्हटलं की अर्ज संपला. मी हे माझ्यासाठी विचारलं नाही. तुम्हाला माहीत असावं म्हणून विचारलं.

— उर्वशी


हिवरदरी
८ एप्रिल २०२५

जयभीम.

तुम्ही काल तिथंच होता, तरी लिहिते. कारण तुम्ही सगळा वेळ खाली पाहत होता.

आधी चुलतभावांचं. इतके महिने ते भांडणाचं सोंग करत आले. काल सकाळी एकाच गाडीवर आले, आणि कालच खरे भांडले. फाटकापाशी कोणी उतरायचं यावरून. धाकटा म्हणाला, "आज तं समजूतच होनार आहे, आज कायले उतरू?" थोरला म्हणाला, "लोकायले काय दिसन मंग?" त्यावरून निघालं की दर वेळी धाकट्यालाच उतरवत होता, उन्हातून चालवत होता, आणि धुऱ्याच्या बाबतीतही त्याचं असंच आहे. पुकारा झाला तेव्हा धाकट्यानं समजुतीवर सही करायला नकार दिला. बबनराव त्याच्यामागे पाण्याचा ग्लास घेऊन फिरत होते. तुम्ही तेव्हा बाहेर होता.

पुढच्या दोन प्रकरणांचे वकील सत्काराचे हार आणायला गेले होते, त्यांना तारखा मिळाल्या. म्हणून आपली नावं लवकर आली. शिपायानं तुमचं नाव पुकारलं आणि मग माझं, त्या गोदामात ते फार मोठ्यानं घुमलं.

वर्षभर सगळं गाव साहेब साहेब करत होतं, आणि आल्या त्या मॅडम. तिशीच्या असतील. खुर्ची त्यांना मोठी होत होती. अर्ज चाळत त्यांनी विचारलं, लग्न कधी झालं, वेगळे कधीपासून राहता, कोणाचा दबाव नाही ना. तुम्ही सगळ्याला बरोबर उत्तर दिलं. मग त्यांनी वर न पाहता विचारलं, "मुलं किती?"

तुम्ही म्हणालात, "एक."

मग त्यांनी मला विचारलं. मीही म्हटलं, "एक."

त्यांनी "ताबा कोणाकडे?" असं विचारलं आणि पान उलटलं. पुढचं त्यांनी स्वतःच वाचलं असावं. टायपिस्टचा हात थांबला होता. पंखा नवीन होता, आवाज करत होता. देवीलाल काहीतरी सांगायला पुढे झाले, मॅडमनी त्यांना हातानं थांबवलं. मग सावकाश म्हणाल्या, "दोघांना अजून थोडा वेळ हवा असेल तर मी देऊ शकते. आता मी इथंच असणार आहे. घाई नाही."

तेव्हा तुम्ही वर पाहिलंत. माझ्याकडे.

तुम्ही तो वेळ घेतला असता, हे मला दिसलं. मीही घेतला असता. आपण जूनमध्ये आलो असतो, मग ऑगस्टमध्ये, त्याच बाकावर चार चार तास बसलो असतो, आणि तिकडे एका मुलीचं दप्तर रायपूरला गेलं असतं. आणि आपण एकमेकांना किल्लीचं आणि कागदाचं तरीही काही म्हणालो नसतो. म्हणून मी म्हटलं, "नको, मॅडम." माझा आवाज मलाच ऐकू आला, बऱ्याच दिवसांनी.

तुम्ही त्यानंतर "नको" म्हणालात. ते त्यांना ऐकू गेलं नाही, परत म्हणावं लागलं.

बाहेर बबनरावांचे लोक पेढ्यांचा डबा घेऊन उभेच होते. आत कोणाचं काय झालं ते त्यांना कळलं नव्हतं, एक निकाल झाला एवढंच कळलं होतं. "नव्या कोर्टाचा पयला निकाल!" म्हणत बबनरावांनी डबा पुढे केला, आणि मग समोर कोण आहे ते पाहिलं. त्यांचा हात तसाच राहिला. तुम्ही पेढा घेतलात आणि त्यांच्यादेखत तोंडात टाकलात, त्यांना वाईट वाटू नये म्हणून. मग मीही घेतला. तानाबाई चुलीपासून पाहत होती. तिनं पदर तोंडाला लावला आणि तुम्हाला चहाला बोलावलं नाही. काय म्हणून बोलवावं ते तिला कळलं नसेल.

बस सुटेपर्यंत आपण स्टँडवर उभे होतो. "बरं, जातो," तुम्ही म्हणालात. मी "बरं" म्हटलं.

कामाचं राहिलं. तुम्हाला निकालाची नक्कल लागणार. तिचा अर्ज मी आज सकाळीच टाइप करून दिला. तुमच्या नावानं केलाय, धम्मरत्न असं लिहून. देवीलाल म्हणाले, निकालावर मॅडमची सही झाली आहे, पण नव्या कोर्टाचा शिक्काच अजून आलेला नाही. तो यवतमाळहून यायचा आहे. शिक्क्याशिवाय नक्कल देत नाहीत. एवढी भांडणं करून साहेब आणले आणि शिक्का मागायचं कोणाच्या लक्षात आलं नाही. किती दिवस लागतील विचारलं तर म्हणाले, सांगता येत नाही, आठवडा लागेल नाहीतर महिना.

परीक्षा २१ ला संपते. प्रियंकाबाईंच्या भावांना सांगा, निकाल झाला आहे, कागद निघाला आहे.

आज दुपारी मी नव्या कोर्टात जाऊन कारकुनाला विचारलं. उद्या सकाळी परत जाईन. शिक्का येईपर्यंत रोज जाईन.

— उर्वशी